वाटलेली औषधं आणि विकत घेतलेली औषधं

१९५६ साली वसई तालुक्यातल्या गासच्या शेजारच्या भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याआधी, १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. अशोकाच्या चौदा लेखांच्या मालिकेत दुसरा लेख औषधांचा आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणवून लावल्या, असं राजा त्यात सांगतो. हा लेख आपल्याला गिरनारसारख्या ठिकाणांवरून माहीत आहे. सोपाऱ्याला तो मिळालेला नाही. आपल्याकडे सापडलेल्या नवव्या लेखाचा विषय निराळा. आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक आपापल्या समजुतीने काय काय विधी करतात, याबद्दल राजा त्यात बोलतो.

दुसऱ्या लेखात राज्य काय पुरवतं ते आहे आणि नवव्यात आजारी पडल्यावर माणसं प्रत्यक्षात काय करतात ते. औषधांचा वापर आणि आरोग्यधोरण यांच्यावरचं हे पुस्तक या दोहोंमधल्या अंतराचं पुस्तक आहे. सरकारला स्वतः वाटलेली औषधं दिसतात. लोकांनी विकत घेतलेली औषधं त्याच्या वहीत नसतात. धोरण मात्र वहीत जे आहे त्यावर बेतलं जातं. जिथे जिथे कुणी चिकाटीने ही दुसरी, न दिसणारी बाजू मोजली, तिथे धोरण हललं आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातच अनेकदा घडलं आहे. मी प्रस्तावना लिहायला तयार झालो तो हे सांगता यावं म्हणून.

गास हे नालासोपाऱ्याच्या पश्चिमेचं, वाड्यांचं गाव. भाजी, केळी, फुलं पिकवणारं, आणि आता रोज सकाळी लोकलने मुंबई गाठणारंही. इथे कुणाला ताप आला तर काय होतं? आधी घरातला डबा उघडतो. मागच्या आजारपणातली अर्धी उरलेली पट्टी त्यात असते. ती चालली नाही तर मेडिकलवर जाऊन लक्षणं सांगायची. दुकानदार दोन गोळ्या कापून देतो, बिल कुणी मागत नाही. तिसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टर. ते तपासतात आणि पुष्कळदा औषध स्वतःच कागदाच्या पुडीत बांधून देतात: सकाळी एक, रात्री एक. पुडीतल्या गोळीचं नाव घरी कुणालाच ठाऊक नसतं. आजार बळावला तर बंगलीचं कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटल, नाहीतर नालासोपारा-वसईतलं एखादं नर्सिंग होम. सरकारी दवाखाना या यादीत कुठे येतो हे घराच्या मिळकतीवर आणि दवाखान्याच्या वेळेवर ठरतं.

आता हा एकच ताप नोंदींच्या बाजूने पाहा. डब्यातल्या गोळीची नोंद नाही. मेडिकलवरच्या दोन गोळ्या दुकानाच्या विक्रीत मिसळून गेल्या. त्या कुणी, कशासाठी घेतल्या ते कुठे लिहिलेलं नाही. पुडीची नोंद डॉक्टरांच्या डोक्यात. केसपेपर निघतो, औषधाचं नाव, मात्रा, दिवस हे सगळं लिहिलं जातं आणि ते पुढे जिल्ह्याच्या अहवालात पोचतं, ते रुग्ण सरकारी खिडकीशी उभा राहिला तरच. गावं महापालिकेत असावीत की ग्रामपंचायतीतच राहावीत हा वाद आमच्या हिरव्या पट्ट्यात वर्षानुवर्षं चालला. मेडिकलवर विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची नोंद मात्र दोन्हीकडच्या दप्तरात नव्हती.

याला पैशाचीही एक बाजू आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला होता. २०२१-२२ मध्ये हा वाटा ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. तरीही खिशातून जाणाऱ्या या पैशातला मोठा भाग औषधांवर जातो, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की तो दर महिन्याचा खर्च होऊन बसतो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. हा निर्णय मोलाचा आहे. पण जो महिन्याची पट्टी स्टेशनजवळच्या मेडिकलमधून घेतो, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही, आणि असे किती जण आहेत हे त्या निर्णयाच्या वेळी कुणाला मोजून सांगता आलं नसतं.

मोजायचं कसं, याचं उत्तर जगाने बरंच आधी शोधलं. १९६९ साली ऑस्लोमध्ये औषधांच्या खपावर एक परिषद भरली आणि त्यातून पुढे एक साधी रीत घडत गेली. प्रत्येक औषधाची प्रौढ माणसाची रोजची एक ठरावीक मात्रा धरायची आणि हजार लोकांमागे रोज अशा किती मात्रा खपतात ते काढायचं. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनची ही मात्रा ५ मिलिग्रॅम. समजा, दहा हजार वस्तीच्या एखाद्या गावात ५ मिलिग्रॅमच्या ५०० गोळ्या रोज खपतात. म्हणजे हजारामागे ५०. आता त्याच गावात रक्तदाब असलेली माणसं याच्या तिप्पट निघाली, तर उरलेली माणसं औषधाविना आहेत, मधेच सोडून बसली आहेत किंवा दुसरंच काही घेत आहेत. आरोग्य विभागाने काय शोधायला निघायचं ते या एका आकड्यातून कळतं. नॉर्वे-स्वीडनसारखे देश असे आकडे दरवर्षी काढतात. आपल्याकडे हे आकडे असतात ते बाजाराचा अभ्यास करणाऱ्या खासगी संस्थांकडे, कारण ते औषध कंपन्यांना हवे असतात. लोकांच्या आजाराचा नकाशा विक्री विभागाच्या कपाटात असावा आणि आरोग्य विभागाने तो विकत घ्यावा, ही रचना मला मुळातच चुकीची वाटते.

औषधांच्या विक्रीकडे पाहून धोरण बदलल्याचं सर्वांत मोठं उदाहरण क्षयरोगाचं आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या लोकलच्या दुसऱ्या टोकाला झाली. १९९१ च्या सुमाराला डॉ. मुकुंद उपलेकर यांनी धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाचं औषध लिहून द्यायला सांगितलं. शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळे उपचार लिहिले. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी, उपलेकरांनाच सोबत घेऊन, तोच प्रश्न पुन्हा विचारला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ निरनिराळे उपचार लिहिले आणि बरोबर लिहिणारे सहाच निघाले. क्षयाचा जंतू अर्ध्यामुर्ध्या औषधावर मरत नाही, शहाणा होतो. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातून उदवाडिया यांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. त्या आजाराला काय नाव द्यावं यावर सरकारने वाद घातला, पण हालचालही केली. ७ मे २०१२ रोजी क्षयरुग्णाची नोंद कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. ऑगस्ट २०१३ मध्ये शेड्यूल एच-१ ची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. ४६ औषधं, त्यात क्षयाची औषधं आणि वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची.

गोष्ट इथे संपत नाही. सरकारी क्षयकार्यक्रम बाहेर किती रुग्ण आहेत याचा अंदाज बांधत असे, आणि तो अंदाज सरकारी नोंदींवरून केलेला असे. संशोधक निमलन अरिनामिनपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट दिशेने हिशेब केला. २०१४ मध्ये खासगी दुकानांतून क्षयाची औषधं किती विकली गेली ते त्यांनी पाहिलं. उत्तर आलं, सुमारे १ कोटी ७८ लाख रुग्ण-महिन्यांचे उपचार, सरकारी कार्यक्रमाच्या दुप्पट. त्यावरून काढलेला खासगी रुग्णांचा मधला अंदाज २२ लाखांचा होता, म्हणजे आधी धरलेल्या संख्येच्या दोन ते तीन पट. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या क्षयाचा अंदाज वर नेला, २०१५ सालासाठी २८ लाख नवे रुग्ण धरले, आणि त्यामागे या विक्रीच्या आकड्यांचा हात होता. या लाखो माणसांनी औषधं विकत घेतली होती, गिळली होती, कित्येकांनी मधेच सोडली होती. देशाच्या हिशेबात ती आली दुकानाच्या विक्रीमुळे. २०१८ च्या मार्चमध्ये केमिस्टांनाही क्षयरुग्ण कळवण्याच्या जबाबदारीत आणलं गेलं.

अँटिबायोटिकचं चित्रही असंच बाजाराच्या आकड्यांतून समोर आलं. २०१९ च्या खासगी बाजाराचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारताचा खप हजार लोकांमागे रोज १०.४ मात्रा इतका निघाला. कित्येक देशांपेक्षा हा आकडा कमी आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. काळजीचं कारण वेगळंच आहे. सर्वांत जास्त खपणारी वस्तू होती अ‍ॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, दुसरी सेफिक्झिम २०० मिलिग्रॅम. ही जपून, लक्ष ठेवून वापरायच्या गटातली औषधं आपल्याकडे सर्दी-तापाला दिली जातात. खपलेल्या मात्रांपैकी ४७ टक्के अशा बनावटींच्या होत्या ज्यांना केंद्रीय औषध नियंत्रकाची मान्यता नव्हती. आपण अँटिबायोटिक फार खातो म्हणून लोकांना रागावणारं धोरण या आकड्यांशी जुळत नाही. साधं अमॉक्सिसिलिन जिथे पुरेसं होतं तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन का लिहिलं गेलं, आणि मान्यता नसलेली गोळी दुकानात कशी आली, हे विचारणारं धोरण हवं.

मराठी वाचकाला याबाबत अभिमान वाटावा असं काम साताऱ्यात झालं आहे. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा आणि वापर, सरकारी आणि खासगी दोन्ही, तपासला. फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थने १९९५ मध्ये तो अहवाल काढला आणि १९९८ मध्ये फडक्यांचं इंग्रजी पुस्तकही आलं. एक जिल्हा पूर्ण घ्यायचा, तिथे काय यायला हवं होतं, काय आलं आणि त्यातलं किती कारणाशिवाय वापरलं गेलं हे शोधायचं, ही त्यांची पद्धत होती. नको असलेली इंजेक्शनं, टॉनिकं, निरर्थक मिश्रणं यांवर लोकांचा किती पैसा वाहून जातो हे त्यांनी दाखवलं. तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याचा असा अभ्यास निदान एकदा तरी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

किमतींच्या नियंत्रणाकडेही वापराच्या अंगाने पाहायला हवं. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये शंभराहून अधिक अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी त्यानंतर दोन वर्षांनी आली. १९७९ च्या किंमत नियंत्रण आदेशात ३४७ मूळ औषधं होती, १९८७ मध्ये १४२ राहिली, १९९५ मध्ये पाऊणशेच्या आसपास. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक यादी पुन्हा पाया म्हणून घेतली, पण किंमत उत्पादनखर्चावरून ठरवण्याऐवजी बाजारातल्या ब्रँडांच्या सरासरीवरून ठरवली. शिवाय पळवाट उघडी राहिली. यादीतल्या ताकदीची साधी गोळी कमाल किमतीच्या बंधनात. तिच्यात दुसरं औषध मिसळलं की ती त्या बंधनाबाहेर. एमआरची बॅग कुठल्या गोळीने भरणार हे यावरून ठरतं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुष्कळदा त्या बॅगेच्या मागून जाते. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. मधल्या काळात त्या गोळ्या घराघरातल्या डब्यांत पोचत राहिल्या, आणि बंदीची बातमी वाचून डबा उघडून पाहणारं घर विरळाच.

कागदावरचं धोरण आणि घरातली सवय यांच्यातलं अंतर जीव घेतं, हे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या घटनेने दाखवलं. डायएथिलिन ग्लायकोल मिसळलेल्या कफ सिरपने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी केली. कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमधलं औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघालेला होता. आणि त्याच डायएथिलिन ग्लायकोलने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ माणसं गेली होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने तेव्हा आपली सगळी यंत्रणा उघडी पाडली होती. औषधाची तपासणी हा या गोष्टीचा अर्धा भाग. दुसरा अर्धा म्हणजे खोकणाऱ्या तान्ह्याला सिरप दिलंच पाहिजे हा आईबापांचा आणि डॉक्टरांचा मिळून पक्का झालेला समज. त्या समजाला हात घालणारा कार्यक्रम मला आजवर कुठल्या आरोग्य खात्यात दिसलेला नाही.

या पुस्तकात आशेचीही प्रकरणं आहेत आणि ती मी आधी वाचली. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून विंचूदंशाचे रुग्ण पाहत होते. लाल विंचवाच्या गंभीर दंशात शंभरातले चाळीसएक दगावत. रक्तदाबासाठी असलेलं प्राझोसिन त्यांनी वापरलं आणि मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. स्वस्त, आधीच दुकानात असलेली गोळी. ती कुणाला, केव्हा द्यायची एवढंच बदललं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तीन वर्षांत त्या ३९ गावांमधले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा शोधनिबंध छापला. २०११ पासून आशाताई देशभर घरोघरी नवजात बाळं पाहू लागल्या, त्याचं मूळ इथे आहे. इंजेक्शन मात्र धोरणाने त्यांच्या हाती दिलं नाही. २०१४ मध्ये ते मर्यादित परिस्थितीत एएनएमपर्यंत आलं. औषध कुणाच्या हातात द्यायचं, या प्रश्नावर व्यवस्था किती अडखळते हे त्यातून कळतं. त्याच देशात नालासोपाऱ्याच्या कुठल्याही रस्त्यावर अ‍ॅझिथ्रोमायसिन मागितलं की मिळतं.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला आणि त्यात ही दोन्ही टोकं आहेत. वसई तालुक्यात मेडिकल पावलोपावली. जव्हार-मोखाड्यात, दुर्गम पाड्यांवर, आरोग्य केंद्रात जे असेल तेच औषध. सर्पदंशाचं प्रतिविष तिथे नसेल तर शेजारच्या दुकानात मिळण्याचा प्रश्नच नाही. दोन्हीकडे एकच खरेदीयादी आणि एकच पुरवठ्याची पद्धत लावली की वसईच्या वाट्याला न लागणाऱ्या गोळ्या येतात आणि मोखाड्याला हव्या त्या नसतात. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारलं आणि प्रत्येक दवाखान्याच्या प्रत्यक्ष वापराशी पुरवठा जोडला. महाराष्ट्राने हाफकिन महामंडळाकडून खरेदी करून पाहिली आणि २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण कायद्याने स्थापन केलं. ते प्राधिकरण काय विकत घेईल हे ते कुठल्या आकड्यांकडे पाहतं यावर ठरेल. गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यांत काय संपलं एवढंच पाहिलं, तर मागच्या वर्षीचा तुटवडाच पुढच्या वर्षीच्या मागणीत उतरेल, कारण जे औषध आलंच नाही त्याचा वापर शून्य दिसतो.

एक मागणी मी इथे स्पष्ट करतो. शेड्यूल एच-१ ची वही कायद्याने आपल्या प्रत्येक औषध दुकानात असायला हवी. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक आला की ती आहे का, भरली आहे का, एवढं पाहतो. तिच्यातल्या नोंदींची बेरीज कुणी करत नाही. रुग्णांची नावं पूर्ण वगळून, कारण क्षयाचं किंवा मानसिक आजाराचं औषध कोण घेतं ही त्या माणसाची खासगी बाब आहे, दर तिमाहीला तालुकावार एवढंच काढावं: कोणतं औषध, किती, किती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ते आकडे महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावेत आणि लोकांसाठी उघडे ठेवावेत. वसई तालुक्यापासून याची सुरुवात करता येईल. वही आहे, ती तपासण्याचा अधिकार आहे, आणि पुडीत बांधून दिलेल्या औषधाचं नाव डॉक्टरांना विचारायला आपल्यालाही कुणी अडवलेलं नाही.